येस येस, वुई विल सी

"मॅडम, हा क्लॉज कुठून आला?"

विद्यार्थ्यांच्या टीममधल्या इरफानने छापील कागद माझ्या टेबलावर ठेवला. ते जॉइंट स्टेटमेंट होतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळून काढायचं निवेदन. त्याचा तिसरा क्लॉज, म्हणजे कलम, असं होतं : भिवंडीतल्या लूमवरची, यंत्रमागांवरची रात्रपाळी बंद करावी. खाली सह्यांसाठी दोन्ही टीमची नावं होती.

"मेरे अब्बा नाइट में हैं," इरफान म्हणाला. "मैं इसपे साइन नहीं करूँगा."

मी भिवंडीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे. विद्यार्थी प्रतिनिधींना आंतरराष्ट्रीय चर्चेसाठी तयार करणं हे माझं जादा, आणि खरं सांगायचं तर लाडकं काम. मुलांच्या हातात नुकते मोबाइल दिसायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. नेदरलँड्सचे काही विद्यार्थी आमच्याकडे आले होते. लूम पाहायचे, आमच्या टीमशी चर्चा करायची आणि शेवटी सभागृहात निवेदन वाचायचं, असा कार्यक्रम होता. जमलं तर पुढच्या वर्षी आमची टीम तिकडे जाणार होती. आमच्या टीमची लीडर वैशाली, जवळच्या मानकोली गावची. तिने पासपोर्टसुद्धा काढून ठेवला होता.

तिला बोलावलं. ती गोंधळली.

"त्यांच्या अनेकेनं विचारलं, रात्रपाळी बंद करायची का? मी बोलले, येस येस, वुई विल सी. म्हंजे न्हायच झालं ना, मॅडम?"

आपल्याकडे झालं. शेजारीण लग्नाला जायला गाडी मागते, आपण "हो हो, बघू" म्हणतो आणि ती मुकाट्याने दुसरी गाडी शोधायला लागते. पण अनेके पडली त्यांची लीडर, सरळ बोलणारी. तिला येस ऐकू आलं, तेही दोनदा. तिने टाइप करून टाकलं.

"मग सरळ नो का नाही म्हणालीस?"

"पावन्याला तोंडावर न्हाय कसं बोलनार?"

प्राचार्यांचं मत पडलं, पाहुण्यांसमोर तमाशा नको, वाचून टाका, कागदाने काय रात्रपाळी बंद होते? माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, पाळी बंद होणार नाही सर, पण इरफानला ही सही घेऊन घरी जायचंय.

वैशालीला वाटलं, मॅडमच जाऊन सांगतील. मी साफ नकार दिला. हो तिने म्हटलं होतं, नाहीसुद्धा तिनेच म्हणायचं. रिकाम्या वर्गात मी अनेके झाले आणि तिला सराव दिला. पहिल्या खेपेला ती म्हणाली, "नो, बट मेबी." मी म्हटलं, मेबी गिळ. मग तिला आमच्या कामातली एक साधी रीत सांगितली : नकार दिला की लगेच दुसरा पर्याय ठेवायचा, म्हणजे समोरचा रिकाम्या हाताने उठत नाही. पर्याय इरफानला विचार, म्हटलं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत वैशाली उभी राहिली. स्वच्छ इंग्रजीत म्हणाली : काल मी दोनदा येस म्हणाले, आमच्याकडे त्याचा अर्थ नाही असा होतो, आज मी सरळ नो म्हणते आहे.

अनेकेचा चेहरा लाल झाला. कालच का नाही सांगितलंस, तिने विचारलं.

"काल तुम्ही पाहुणे होतात," वैशाली म्हणाली. "आज एका टेबलावर आहोत."

मग इरफान बोलला. लूमच्या खडखडाटात अब्बांचे कान गेलेत, जेवायला बोलवायचं तरी खांद्याला हात लावावा लागतो. रात्रपाळी राहू द्या, पण मालकांनी कामगारांच्या कानांची तपासणी करावी. जुना क्लॉज अनेकेने स्वतः खोडला. पहिली सही इरफानची झाली.

सभागृहात तो क्लॉज त्यानेच वाचला. माइक असूनही ओरडून वाचला, कारण अब्बा तिसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी मान हलवली.

निरोपाच्या चहाला अनेकेने प्राचार्यांना विचारलं, पुढच्या वर्षी तुमची टीम येणार ना?

"येस येस," सर हसून म्हणाले, "वुई विल सी."

अनेकेने कप खाली ठेवला आणि वैशालीकडे पाहिलं. "सो, नो?"

वैशाली सरांसमोर जाऊन उभी राहिली. "सर, येस असंल तं एकदाच बोला."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी बिस्किट चहात बुडवत होते.

"येस," सर म्हणाले.

पुढच्या वर्षी आमची टीम नेदरलँड्सला गेली. नकार द्यायला शिकलेली मुलं होकारही चोख वसूल करतात. कुणाकडून, ते मात्र शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही.