सूचीच्या चौकटीखालचं गाव

खोऱ्याच्या आराखड्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा नोकरीची चार-पाच वर्षंच उरली होती. नाशिकच्या ऑफिसात, दुसऱ्या मजल्यावर, आम्हा सहा जणांना त्या कामाला बसवलं होतं. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस किती पडतो, धरणांत किती पाणी थांबतं, त्यातलं शहराला किती, एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला किती, कालव्यांना किती, आणि पुढची पंचवीस वर्षं हे सगळं नदी न मारता कसं पुरवायचं, ते ठरवायचं होतं. मला काम आवडलं. जन्मभर कालव्यांची भगदाडं बुजवत आलेल्या माणसाला पहिल्यांदाच अख्खी नदी एका कागदावर दिसत होती.

प्रत्येक भागाला एक शेरा द्यायचा होता: तुटीचा, सर्वसाधारण किंवा विपुल. इगतपुरीकडच्या डोंगरपट्ट्यासमोर मी ‘विपुल’ लिहिलं. लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही. तिकडे चार महिने कपडे वाळत नाहीत, हे मी स्वतः पाहिलेलं होतं.

आराखडा कायम करण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं होतं. त्यातली एक बैठक एप्रिलमध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका शाळेत झाली. भिंतीवर मोठा नकाशा लावला आणि मी अर्धा तास बोललो. बोलणं संपल्यावर दाराजवळ बसलेली एक बाई उठली. साठीची असेल. अंगाने बारीक, आवाज अगदी शांत. वरच्या अंगाच्या पाड्यावरून तासभर चालून आली होती.

“साहेब, ह्यात आमचा पाडा कुठं हाय?”

मी नकाशाजवळ गेलो. धरणाची भिंत सापडली. तिथून जलाशयाच्या काठाकाठाने बोट वर नेत गेलो आणि ते एका चौकटीपाशी थांबलं. नकाशाच्या डाव्या कोपऱ्यात सूची होती. निळी रेघ म्हणजे नदी, तुटक रेघ म्हणजे कालवा, असं सगळं त्यात लिहिलेलं. तिचा पाडा त्या चौकटीखाली होता.

“इथे,” मी म्हणालो.

“ह्या चौकोनाखाली?”

“हो.”

“मग चौकोनात काय लिवलंय?”

मी वाचून दाखवलं. नदी, कालवा, धरण, रस्ता, बागायत, शहर. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, “बरं” म्हणाली आणि खाली बसली. कोणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

ती चौकट तिथे टाकायला मीच सांगितलं होतं. आमच्याकडे नकाशे करणाऱ्या बाईंनी विचारलं होतं, सूची कुठे बसवू? मी कामातून मान वर न करता म्हटलं होतं, त्या कोपऱ्यात टाका, तिथे काही नाही.

बैठक उठल्यावर मी तिला गाठलं. माफी मागायची होती, पण तोंडून भलतंच आलं. उन्हाळ्यात तुम्ही पाणी कुठून आणता, असं विचारलं. ती म्हणाली, चला, दावते. ड्रायव्हरला जीपपाशी थांबायला सांगून मी तिच्यामागे निघालो.

अर्धी चढण चढल्यावर खाली जलाशय दिसू लागला. पाणी बरंच आत गेलं होतं आणि त्याच्याभोवती चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. हे पाणी का आणत नाही, असं मी विचारल्यावर ती म्हणाली की चिखलात माणूस मांडीपर्यंत जातो, मागच्या साली एक गाय रुतली ती दोन दिवस निघाली नाही. शिवाय इंजिन लावून उपसायला परवानगी नाही. मग हात लांब करून तिने चिखलातल्या काही आडव्या रेषा दाखवल्या. पाणी उतरलं की जुन्या भातखाचरांचे बांध वर येतात. त्यातला एक तिच्या सासऱ्याने घातलेला होता. धरण झालं तेव्हा ते लोक वर सरकले, आणि वर फक्त कातळ होता. पावसाळ्यात त्या कातळावरून पाणी जे वाहून जायचं ते खाली धरणात, तिथून कालव्यात.

झरा पाड्यापासून बराच खाली, एका घळीत होता. काळ्या खडकातल्या फटीतून करंगळीएवढी धार. चार बायका सावलीत बसून होत्या. एक हंडा धारेखाली, बाकीचे रांगेत. तिने आपला हंडा शेवटी ठेवला. मागून येईल त्याने मागेच ठेवायचा, घाई कोणालाही असो, असा रांगेचा नियम तिने सांगितला. मी घड्याळ लावलं. एक हंडा भरायला अकरा मिनिटं लागली. पुन्हा मोजलं, पुन्हा अकराच.

नंबर येईपर्यंत आम्ही बसलो. तिने सांगितलं, दोन वर्षांमागं तिची सून भरला हंडा उचलताना ह्या दगडावरून घसरली. सातवा महिना होता. झोळी करून तिला रस्त्यापर्यंत नेलं. सून वाचली, मूल गेलं. रांगेचा नियम ज्या आवाजात सांगितला, त्याच आवाजात तिने हे सांगितलं.

“त्या दिसापासनं मीच येते. तिला येऊ देत नाय.”

हंडा भरल्यावर मी उचलायला पुढे झालो. तिने मला बाजूला केलं. तुमी पडाल, म्हणाली.

ऑफिसात आल्यावर मी साहेबांकडे गेलो. ते वयाने माझ्यापेक्षा लहान आणि सरळ मनाचे होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं की आपली सरासरी चुकली आहे का. मी म्हणालो, वर्षाची बरोबर आहे, पण एप्रिल-मे वेगळे काढले तर तोच पट्टा तुटीचा निघतो. ते म्हणाले, काढून दाखवा, आठ दिवस देतो.

आठ दिवसांत मी महिन्यांप्रमाणे तक्ते केले. वरच्या पाड्यांचं पिण्याचं पाणी धरणातून आधी राखून ठेवावं, अशी शिफारस लिहिली. ते राखायचं तर उन्हाळ्यातलं शेवटचं आवर्तन, म्हणजे कालव्याला सोडायची शेवटची पाळी, थोडी आखडती घ्यावी लागणार होती. ती पाळी निफाडकडे जाते. तिथे, त्याच कालव्यावर, माझ्या धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे. वडिलांनी ती लावली तेव्हा मी शाळेत होतो. त्या पाण्यावर मी इंजिनिअर झालो.

रविवारी घरी गेलो. भाऊ बागेत होता. एप्रिलची खरड छाटणी होऊन वेलींना नवी फूट वीतभर आली होती. त्याच्या कानावर आधीच गेलं होतं.

“शेवटचं आवर्तन कमी होणार म्हणतात. तूच लिहिलंस का?”

“हो.”

मी झऱ्याचं सांगितलं, सुनेचं सांगितलं. तो फुटीतली एकेक फाजील काडी खुडत ऐकत होता. मग म्हणाला, आता पाणी तुटलं तर काडीत घड धरत नाही, पुढचा अख्खा हंगाम जातो, हे तुला मी सांगायला नको. मी मान हलवली.

“त्यांना देऊ नका असं मी म्हणत नाही,” तो म्हणाला. “पण आमच्यातूनच का? शहराकडून घ्या की.”

शहराचा वाटा मी त्या कामावर येण्याआधीच ठरून गेला होता आणि त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नव्हती. कालव्याच्या पाळीतून काढणं सोपं होतं, म्हणून मी तिथून काढलं होतं. भाऊ मला सोडायला रस्त्यापर्यंत आला नाही. पुढे बराच काळ आमचं जे काही बोलणं झालं ते भावजयीमार्फत.

आराखडा मंजूर झाला. नकाशा नवा छापला, सूची समासात गेली. पाड्यांच्या पाण्याची शिफारस राहिली, पण तिच्यामागे ‘उपलब्धतेनुसार’ असा एक शब्द येऊन बसला. कोणत्या बैठकीत तो आला, मला कळलं नाही. महिन्यांचे तक्ते परिशिष्टात गेले. झऱ्याचं काम मात्र ग्रामपंचायतीने वर्षाच्या आत केलं. घळीत लहानशी बांधीव टाकी झाली आणि सौर पंपावर पाणी पाड्यापर्यंत चढलं. त्या बाईने ते पाहिलं. नळाखाली पहिला हंडा तिच्या सुनेने लावला, असं मला तिथल्या ग्रामसेवकाने फोनवर सांगितलं.

निवृत्त झालो त्या वर्षी धरण कमी भरलं आणि निफाडचं शेवटचं आवर्तन निम्म्यावर आलं. भावाने बागेचा एक तुकडा काढून टाकला. मग एका सकाळी त्याचा फोन आला. वरच्या लोकांना धरणाचं पाणी मिळालं का, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, अजून नाही, झऱ्याचंच चालू आहे.

काढून टाकलेल्या तुकड्याचं त्याने सांगितलं, मग म्हणाला,

“मग आमचं कमी झालेलं गेलं कुठं?”

धरणच भरलं नव्हतं, असं मी सांगितलं. ते खरं होतं. पण पाड्यांच्या नावाने कापलेलं पाणी पाड्यांना का मिळालं नाही, हे त्याने विचारलं होतं, आणि ते दोघांनाही कळत होतं. तरी त्या दिवसापासून आम्ही पुन्हा बोलू लागलो.

ती बाई गेल्याचं मला तीन महिन्यांनी कळलं. थंडीत ताप आला आणि दुखणं वाढतच गेलं. मेमध्ये मी पाड्यावर गेलो. सुनेने ओटीवर घोंगडी टाकली, तांब्या पुढे केला. तिच्याकडून कळलं की टाकी आता दोन दिवसांनी भरते आणि परवा धार मध्येच थांबली होती. सासूबद्दल ती फार बोलली नाही. पाणी पितापिता मी तांब्या अर्धाच ठेवला, तर म्हणाली, सगळं प्या, पुरतंय.

मग घरातून एक कागद घेऊन आली. आराखड्यातलं ते पान तिने तालुक्याला जाऊन मिळवलं होतं. ‘उपलब्धतेनुसार’खाली पेनाने रेघ मारलेली. ह्याचा अर्थ काय, तिने विचारलं. मी म्हणालो, पाणी असेल तर देऊ.

“धरणात तर आताबी पाणी हाय,” ती म्हणाली. “मग अर्ज लिवा.”

मी लिहायला बसलो. ती सांगत होती, मी मांडत होतो. दोनदा तिने मला थांबवलं, कारण मी ऑफिसची भाषा लिहीत होतो. शेजारच्या बायका आल्या, कोणी सही केली, कोणी अंगठा दिला. खाली उतरून मी तो अर्ज स्वतः इगतपुरीच्या कचेरीत नेऊन दिला, तिथून तो नाशिकला माझ्या जुन्या ऑफिसात जायचा होता, आणि पोच तिच्याकडे पाठवली. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या महिन्यात ती स्वतः नाशिकला विचारायला येणार आहे, आणि मी तिच्याबरोबर त्या दुसऱ्या मजल्यावर जाणार आहे.