आडवी बाटली आणि मंदाची टिकली

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वारूळवाडीच्या घरी मेथी निवडत बसले होते. पलीकडे तिची सून, संगीता. "बाई, आत्याबाई गेल्या," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्यावरच खेकसले, "उगाच काहीतरी बोलू नकोस, परवाच माझ्याशी भांडून गेली ती." खरंच भांडून गेली होती. मी केलेल्या चहात साखर कमी असते, हे निमित्त. अंगात ताप होता हे मात्र बोलली नाही. नंतर कळलं की तो ताप तिने तसाच अंगावर काढला होता, दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. माझे गुडघे आणि एसटीचा कारभार, दोन्हींवर मात करून मी तिच्या गावी पोचले तोवर तिला नेलंही होतं. अंगणात बायका बसल्या होत्या, आणि मी बॅग हातात धरून उभीच राहिले... कुणी बस म्हणालं तरी बसवेना. आता महिना उलटून गेला. लिहावं की न लिहावं करता करता आज बसले आहे, आणि एक आधीच ठरवलं आहे, की मंदाला राग येईल इतकं गोड लिहायचं नाही.

कारण मंदा गोड नव्हतीच. राजुरीच्या पुढचं तिचं गाव. नाव लिहीत नाही, ज्यांच्याशी ती भांडली त्यांच्या घरच्या लेकीसुना आजही मला बाजारात भेटतात आणि दोन शब्द बरे बोलतात. ती बालवाडीत शिकवायची, आवाज खणखणीत, त्याचा तिला भारी अभिमान. दिलेल्या वेळेवर कधी यायची नाही, आल्यावर मात्र सभा आपलीच असल्यासारखी पुढे जाऊन बसायची. गडद निळ्या, पोपटी साड्या नेसायची आणि "बाई, तुमच्या साड्या म्हंजी धुनं वाळत घातल्यावानी," असं तोंडावर सांगायची. विहिरीवरच्या मोटरीचा शॉक लागून नवरा गेला तेव्हा तिचा महेश अजून शाळेतही जात नव्हता. वर्षश्राद्ध झालं आणि दुसऱ्या दिवशी मंदा कपाळाला टिकली लावून बालवाडीत गेली. सासू बोलायची बंद झाली. भावकीतल्या एका म्हातारीने जाब विचारला, तर मंदा म्हणाली, "टिकली मला आयनं लावली व्हती, नवऱ्यानं न्हाई. आय हाय अजून माझी."

आमची गाठ पडली ती दारूच्या दुकानावरून. तिच्या गावात एसटीच्या थांब्याला लागून देशी दारूचं दुकान होतं आणि शाळेची वाट त्याच्यासमोरून जायची. ते बंद करायचं, म्हणून पत्रक लिहून घ्यायला ती माझ्या शाळेत आली. तिचा नवरा दारूला शिवतही नव्हता, हे मला नंतर कळलं. लोक तिला तेच ऐकवायचे, तुझा पीत नव्हता तर तुला काय पडलंय? "म्हणून तर बोलती," ती म्हणायची, "जिचा पितो ती बोलली की घरी मार खाती." मी लिहिलेलं पत्रक ती पिठाच्या गिरणीवर नेऊन वाचायची. गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून वाचायचं, आणि दळण घेऊन जाणाऱ्या बाईच्या तोंडी जे वाक्य राहील तेवढंच ठेवायचं, ही तिची रीत. माझं निम्मं लिखाण असं गळलं. मी चिडले, हट्टाने दोन वाक्यं परत घातली. त्यातलं एक पुढे पोरीबाळी घोषणा म्हणून देत होत्या, हे मी तिला मरेपर्यंत ऐकवत राहिले.

दुकान बंद करण्याचा कायदा तसा सोपा, पण त्यात एक मेख होती. गावातल्या बायकांनी मतदान करायचं. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी बाटली म्हणजे बंद करा. मात्र जेवढ्या बायका येतील त्यांच्यातल्या निम्म्या असून भागत नाही, गावच्या यादीत जेवढ्या बायका आहेत त्यांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे जी बाई घरात बसली तिचं मत आपोआप दुकानाला. दुकानवाल्यांना हे आमच्या आधी कळलं होतं. दारू चांगली असं म्हणायची त्यांची टाप नव्हती, आणि तशी गरजही नव्हती. बायका घरात बसल्या की काम झालं!

त्या संक्रांतीला मंदाने गावातल्या विधवांना घरी बोलावून हळदीकुंकू केलं होतं. त्याचा मतदानाशी काही संबंध नव्हता, तिच्या मनात आलं म्हणून केलं. पारूबाई नावाच्या म्हातारीने तर कुंकू कपाळाला लावून घेतलं नाही, नुसतं तळहातावर घेतलं आणि कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत बसली. हेच हळदीकुंकू दुकानवाल्यांच्या कामी आलं. शिवजयंतीच्या सुमारास त्यांची माणसं रिक्षाला भोंगा बांधून गावभर ओरडत फिरली, शिवनेरीच्या पायथ्याला हे असले चाळे, धर्म बुडवायला निघालेल्या बायकांपासून आपल्या लेकीसुना सांभाळा. दारूचा द नाही. मग कुजबुज सुरू झाली, तिच्या हातचं कुंकू लागलं तर नवऱ्याच्या जिवाला धोका, तिला बाहेरून पैसा येतो, ती उद्या देवळातले देव काढायला लावील. काल आमच्याबरोबर घोषणा देणाऱ्या बायका दार लोटून घ्यायला लागल्या. एक सासू म्हणाली, "दारू वंगाळच, पर तिच्या मागं कशाला जायचं?"

तिच्या ओसरीवर आमची बैठक झाली. पुण्याहून आलेल्या दोघी-तिघी कार्यकर्त्या म्हणत होत्या, उत्तर छापू या, शास्त्रात काय आहे, संतांनी काय सांगितलं, सगळं मांडू. माझंही तेच मत. मंदा भिंतीला टेकून गप्प ऐकत होती, आणि ती गप्प असली की मला धास्ती वाटायची. शेवटी म्हणाली, "आपण शास्त्र छापलं, तर ते दुसरं शास्त्र छापत्याल. गावात टिकलीचंच बोलणं व्हईल, बाटली राहील बाजूला." हे शंभर टक्के खरं होतं. पण मग तिने हात वर नेला, कपाळावरची टिकली काढली आणि ओसरीच्या खांबाला चिकटवून टाकली. "झालं. इषयच संपला. दुकान बंद झालं की लावती परत." मी संतापले. म्हटलं, "मंदा, आज टिकली काढलीस, उद्या म्हणतील उंबऱ्याबाहेर येऊ नकोस." ती हसली. "बाई, तुमाला कपाळ दिसतंय, मला दुकान दिसतंय." दुसऱ्या दिवसापासून मोकळ्या कपाळाने, पांढरट साडी नेसून दारोदार फिरली. ती साडी तिच्या अंगावर इतकी परकी दिसायची, की मी तिच्याबरोबर चालताना रस्त्याकडे बघायचे.

मतदान झालं आणि आम्ही हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. सवाष्णी बऱ्याच आल्या होत्या. सासवांनी सोडलं, म्हणाल्या आता वागतीय रीतीनं. आल्या नाहीत त्या विधवा. ज्यांच्या घरात दारूने होत्याचं नव्हतं केलं होतं, ज्या मतदानाला सगळ्यात आधी येतील असं आम्ही गृहीत धरलं होतं, त्याच घरात बसून राहिल्या. संध्याकाळी मंदा तणतणत पारूबाईकडे गेली, मी तिच्या मागे. पारूबाई चुलीपुढे बसली होती. तिने मान वर केली नाही. "तुज्या कपाळाकडं बघून आमी दाराबाहेर आलो व्हतो, पोरी. त्वाच पुसलंस... मंग आमी कुणाकडं बघून यावं?" आम्ही मागे वळलो तेव्हा दुकानासमोर फटाके वाजत होते.

पुन्हा मतदान मागायला वर्षभर थांबावं लागणार होतं. मंदा मोडली होती. तिला जरा हवापालट म्हणून मी घोडेगावला बायकांच्या एका शिबिराला ओढत नेलं. आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या, भात-नाचणी करणाऱ्या बायका आल्या होत्या. मंदाने आमची हार सांगितली, टिकलीचं सगळं सांगितलं. एक डोंगरातली बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. "एवढ्याश्या टिकलीपायी? आमच्यात नवरा मेला तर म्होतूर लावत्यात, दुसरा संसार करून देत्यात. तुमच्याकडं न्हाई व्हय?" सगळ्या हसल्या, मंदाही. हसता हसता तिचे डोळे भरून आले. येताना बसमध्ये खिडकीपाशी बसून म्हणाली, "बाई, त्यांनी काढलेला इषय मी आंगावरून झटकाया गेले, तर माज्याच बाया झटकल्या गेल्या." मग माझ्याकडून टिकलीचं पाकीट मागून घेतलं. माझ्या टिकल्या बारीक, त्यावरूनही बोललीच.

गावात आल्यावर ती आधी पारूबाईकडे गेली आणि पाया पडली. मग वर्षभर दारूविषयी एकही सभा घेतली नाही. दुकानदार निवांत झाला. संक्रांत आली, आणि मंदाने हळदीकुंकवाचं आमंत्रण गावातल्या झाडून सगळ्या बायकांना दिलं, सवाष्णी-विधवा काही भेद नाही. जागा कुठली, तर दारूच्या दुकानासमोरचं मोकळं पटांगण. आमच्याकडे संक्रांतीला वाण लुटतात, कुणी वाटी देतं, कुणी आरसा. मंदाने काय लुटलं असेल? खोबरेल तेलाच्या चिमुकल्या बाटल्या! ताटात सगळ्या आडव्या मांडलेल्या. जुन्नरची थंडी, तेल आत दगडासारखं गोठलेलं, थेंब सांडत नव्हता. प्रत्येकीच्या कपाळी कुंकू, आणि हातात बाटली आडवीच ठेवायची. कुणी चुकून उभी धरली की सगळ्या ओरडायच्या, "आडवी, आडवी!" भोंगेवाले आले, पण ओरडायचं काय? संक्रांतीचं वाण लुटू नका म्हणून? पारूबाईने त्या दिवशी तळहात पुढे केला नाही, मान पुढे केली. मंदाने कुंकू लावलं, त्यातलं थोडं पारूबाईच्या नाकावर सांडलं. पुढच्या मतदानाला विधवांची रांग सगळ्यात पुढे होती. दुकान बंद झालं.

इथे थांबलं तर गोष्ट छान होते, पण मंदाचं आयुष्य तिथे थांबलं नाही. तिला जुन्नर-आंबेगावच्या गावोगावी बोलावणं यायला लागलं. ती जाऊन सांगायची, आपली माणसं कोणाकडे बघून बाहेर येतात तेवढं आधी ओळखा. पण घरात मात्र ती एकटी पडत गेली. महेश मोठा झाला, नोकरीला लागला. तो वाईट नाही, आईवर जीव होता त्याचा. पण लहानपणी शाळेत त्याला पोरांनी काय काय ऐकवलं असेल, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि आम्ही कुणी विचारलं नाही. त्याच्या लग्नात तिने कपाळ मोकळं ठेवावं अशी त्याने विनंती केली. मंदा म्हणाली, "एकदा काढून बघितली राजा, लई म्हाग पडली." आणि लग्नभर मांडवाच्या मागच्या बाजूला, स्वयंपाक्यांपाशी बसून राहिली. टिकली लावून. मी तिच्या शेजारी बसले होते. अक्षता आम्ही तिथूनच टाकल्या.

परवा तिच्या घरी गेले. तिला नेलं तेव्हा कपाळावर काय होतं, हे मला महिनाभर कुरतडत होतं. संगीताला सरळ विचारलं. "काय न्हाई बाई. म्हाताऱ्या म्हणल्या मोकळंच जाऊ द्या, आणि हे गप बसले." ज्या गोष्टीसाठी बाई जन्मभर भांडली ती तिच्याकडून काढून घ्यायला घटकाभर वेळही लागला नाही... मी उठायला लागले तर संगीता म्हणाली, "जरा आत या." मंदाच्या खोलीत भिंतीवर आरसा होता, त्यावर टॉवेल टाकलेला. संगीताने तो सारला. रोज रात्री काढून चिकटवलेल्या मंदाच्या टिकल्या, आरशाच्या एका अंगाला खालपासून वरपर्यंत, लाल, जांभळ्या, काही पार विटलेल्या. दुसऱ्या अंगाला काच खरडलेली, नुसते गोंदाचे गोल डाग.

"ह्यांनी सांगितलं व्हतं, दहाव्याला पावणं यायच्या आत काढून टाक. मी ब्लेड घिऊन बसले. एका अंगाच्या काढल्या, मंग हातच चालंना. टावेल टाकला वरून."

"निम्म्या तशाच ठेवल्यास, हे महेशला माहीत आहे?"

"हितंच तर दाढी करत्यात रोज सकाळी."

"मग? काय म्हणतो?"

"काय सुदिक न्हाई," संगीता टॉवेलची घडी नीट करत म्हणाली. "दाढी झाली की टावेल परत टाकत्यात. एक टिकली सुटून पडली व्हती काल, ती जाग्यावर लावून ठिवली त्यांनी."