राजाचा पेढा

इंग्लंडच्या राणीला गादीवर बसून सत्तर वर्षं झाली, त्याचा सोहळा दुपारी टीव्हीवर चालला होता. बँडनं त्यांचं राष्ट्रगीत सुरू केलं आणि खुर्चीत पेंगणारे माझे पंचाण्णव वर्षांचे बाबा ताडकन उभे राहिले. हात सरळ, हनुवटी वर. एरवी त्यांना उठवायला दोन माणसं लागतात.

"बाबा, बसा. पडाल."

"मास्तर मारतील. तूही ऊठ."

मी उठलो. काय करणार? आई गेली, हे त्यांना रोज नव्यानं सांगावं लागतं. माझं नाव तर केव्हाच पुसलं गेलं. शाळेतली कवायत मात्र पायांत शाबूत आहे. काय ठेवायचं नि काय टाकायचं, हे आपल्या आत कोण ठरवतं, कोण जाणे. आपल्याला ते विचारत नाही, एवढं खरं.

गीत संपलं. बाबांनी तळहात पुढे केला. "पेढा?"

ती गोष्ट मला पाठ होती. या राणीच्या आजोबांच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा शाळेत पेढे वाटले होते, आणि बाबांनी आपला पेढा विहिरीत फेकला होता. त्यांचे वडील अण्णा, कट्टर खादीवाले, त्यांनी पाठ थोपटली होती. बाबांनी हे जन्मभर अभिमानानं सांगितलं.

घरात पेढा नव्हता. मी हातावर गुळाचा खडा ठेवला. त्यांनी तो पटकन तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला आणि माझ्या कानाशी येऊन पुटपुटले,

"अण्णांना सांगू नकोस हं."

"नाही सांगणार," मी म्हटलं.