प्रभाताईंची होळीची कांजी

आज जे घडलं ते लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही, म्हणून बसले आहे. पण त्याआधी प्रभाताई कोण, ते सांगायला हवं.

आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत आमच्या वरच्या मजल्यावर प्रभाताई राहतात. त्या मूळच्या कराडच्या. यजमान मुरलीधरराव एका मंत्रालयात आहेत आणि लग्न झाल्यापासून दोघं दिल्लीतच. मूलबाळ नाही. सणाला कुणाच्या हातावर विकतचं काही ठेवायचं नाही, असा त्यांचा नेम. दिल्लीत दिवाळीला चकचकीत कागदातले सुक्या मेव्याचे डबे या घरातून त्या घरात फिरत राहतात. प्रभाताईंकडून मात्र आवळ्याचा मोरांबा येतो. संक्रांतीला तिळाच्या वड्यांबरोबर ओला हरभरा आणि बोरं, उन्हाळ्यात फालशाचं सरबत. सगळं त्या रविवारच्या शेतकरी बाजारातून आणतात. हरियाणातले शेतकरी तिथे खतं-औषधं न मारलेला भाजीपाला घेऊन बसतात. कुणी कौतुकाने ‘ऑर्गॅनिक’ म्हटलं की त्या हसतात, “आमच्या लहानपणी याला नुसतं गाजर म्हणायचे.”

होळीला त्यांची कांजी ठरलेली. ही इथली चीज, मराठी नव्हे. काळी गाजरं आणि बीट चिरून, मोहरीची पूड आणि मीठ घालून, पाण्यात चार-पाच दिवस उन्हात ठेवायचं. आंबट, झणझणीत, जांभळं पाणी तयार होतं. प्रभाताई ते पंजाबी शेजारणीकडून शिकल्या आणि तिच्यापेक्षा चांगलं करू लागल्या, असं त्यांचंच म्हणणं. दरवर्षी बरणीच्या तोंडाला फडकं बांधलेलं असायचं आणि आम्ही घरून पातेली घेऊन जायचो.

या वर्षी पातेली नकोत म्हणाल्या. त्यांनी काचेच्या बाटल्या आणल्या. झाकणाला रबराची चकती आणि वर तारेचा चाप. वेताच्या टोपलीत बाटली, ओल्या हळदीचं लोणचं, गाजराच्या वड्या. टोपल्या दिसत होत्या मात्र देखण्या. परवा संध्याकाळी आणि काल त्यांनी त्या घरोघर स्वतः पोचवल्या. माझ्या लेकीला, वैभवीलासुद्धा. ती राजेंद्रनगरला खोली घेऊन यूपीएससीचा अभ्यास करते. “पोरगी मेसचं खाऊन वाळली,” म्हणत प्रभाताई मेट्रोने जाऊन तिला टोपली देऊन आल्या.

आज सकाळी उरलेल्या टोपल्यांना फिती बांधायला मी त्यांच्या स्वयंपाकघरात बसले होते. ऊन चढलं होतं, या वर्षी गरमी जरा लवकरच आली आहे. खिडकीतली एक बाटली फुटली.

फुटली म्हणजे तडकली नाही. उडाली. कानठळ्या बसल्या. समोरची भिंत जांभळी झाली आणि काचेचा एक तुकडा कपाटाच्या दारात रुतून बसला. प्रभाताईंच्या हातावर रक्ताची रेघ उमटली. त्या ओट्यापाशी उभ्या होत्या. दोन पावलं इकडे असत्या तर तो तुकडा कुठे लागला असता, याचा विचार अजूनही करवत नाही.

“काचच भुक्कड निघाली,” त्या म्हणाल्या.

मी दुसऱ्या बाटलीकडे पाहिलं. रबराची चकती कडेने बाहेर आली होती. आत बुडबुडे एकसारखे वर चढत होते.

“प्रभाताई, यात काय घातलंत?”

“नेहमीचंच. आणि चवीपुरता गूळ.”

“चवीपुरता म्हणजे किती?”

“अगं, मागच्या वर्षी खालच्या भटनागरांच्या मुलांनी तोंडं वाकडी केली होती. म्हणून भरताना प्रत्येक बाटलीत मूठभर टाकला. गुळाशिवाय कशाला चव असते का?”

आंबलेल्या पाण्यात गूळ, वरून हवाबंद झाकण आणि हे ऊन. आंबोळीच्या पिठात गूळ घातला की पातेलं उतू जातं, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण लोणच्याला हवा लागू द्यायची नाही, हे आमच्या हाडात इतकं मुरलंय की बाटलीचं तोंड घट्ट आवळलं की आम्हाला निर्धास्त वाटतं. प्रभाताई बाटलीपासून मागे सरकल्या. मग खुर्चीत बसल्या.

“ज्यांच्याकडे पोचवलीत त्या सगळ्यांना याच बाटल्या दिल्यात ना?” मी विचारलं.

“सगळ्यांना.”

मी वैभवीला फोन लावला. बंद. ती जेवणापर्यंत फोन बंद करून कपाटात ठेवते, आणि या शिस्तीचं मी चार लोकांत कौतुक करते. घरमालकीण गुडगावला लेकीकडे गेलेली. वैभवीचं टेबल खिडकीला लागून आहे, दिवसभर ऊन असतं. मी पर्स उचलली.

“थांब, मीही येते,” प्रभाताई म्हणाल्या. त्यांनी उरलेल्या बाटल्यांवर गोधडी टाकली, दाराला कुलूप लावलं आणि एक पंचा भिजवून पिशवीत घेतला.

“बाकीच्यांना फोन करा,” रिक्षात बसताच मी म्हणाले.

त्या पंच्याची पिशवी मांडीवर सावरत बसल्या.

“प्रभाताई, लोकांच्या घरात मुलं आहेत.”

“काय सांगू? प्रभाने सणाला बॉम्ब वाटले?”

“काहीही सांगा. पण सांगा.”

रिक्षा धौला कुआँच्या गर्दीत अडकली होती. त्यांनी फोन काढला. पहिला फोन भटनागरांना. “जी, मैं ऊपर से प्रभा बोल रही हूँ. वो बोतल है ना, उसे हाथ मत लगाइए. बच्चों को दूर रखिए. मैं खुद आकर खोलूँगी. नहीं नहीं, खराब नहीं है… वो फट जाएगी.”

रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. तिसऱ्या फोनला पुन्हा ‘फट जाएगी’ आल्यावर त्याने रिक्षा कडेला घेतली.

“मैडम, क्या फटनेवाला है?”

“गाजर, भैया, गाजर!” मी जवळजवळ ओरडले.

“गाजर कैसे फटेगी?”

“तुम चलाओ, मेरी बेटी वहाँ है,” मी म्हणाले. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, त्याने रिक्षा काढली आणि रिजच्या जंगलातल्या रस्त्याने जी हाणली की प्रभाताई दांड्याला धरून फोन करत राहिल्या. प्रत्येक फोनला त्यांचा आवाज आणखी खाली जात होता. मी मधूनमधून वैभवीचा नंबर लावत होते. बंद, बंद, बंद.

तिसऱ्या मजल्यापर्यंत मी कशी चढले, आठवत नाही. दार नुसतं लोटलेलं होतं.

वैभवी पाठमोरी बसली होती. टेबलावर डबा उघडा होता. तिने बाटली पोटाशी धरली होती आणि चमच्याच्या दांड्याने चाप उचकटत होती.

“आई? तू? बरं झालं आलीस. यार, हे निघतच नाहीये, जरा…”

प्रभाताई माझ्या मागून पुढे गेल्या. आवाज अगदी रोजचा. “वैभू, चमचा खाली ठेव बाळा. बाटली हलवू नको. तशीच धर.”

“का पण? झालं काय?”

“तुझं तोंड तिकडे कर.”

त्यांनी ओला पंचा बाटलीभोवती गुंडाळला, ती वैभवीच्या हातातून काढून स्वतःच्या पोटाशी घेतली आणि जिना चढून गच्चीवर गेल्या. मी मागे धावले तर त्यांनी गच्चीचं दार बाहेरून लावून घेतलं.

“प्रभाताई, तिथेच ठेवा आणि या आत!”

“ठेवून काय? कुणीतरी कपडे वाळत घालायला येईलच की.”

मी आणि वैभवी जिन्यात उभ्या राहिलो. मी तिचं मनगट पकडलं होतं, तिने ते सोडवून घेतलं नाही. पलीकडे काहीच ऐकू येईना. मग फस्स असा लांबलचक आवाज झाला, कुकरची शिट्टी अर्धवट उचलल्यासारखा, आणि थांबला.

कडी निघाली. प्रभाताईंच्या साडीवर, गळ्यावर, चष्म्यावर जांभळा फेस होता. बाटली अख्खी होती. वैभवीने त्यांना खाली आणून खुर्चीत बसवलं.

मला तिथेच बसायचं होतं. लेकीला समोर बसवून जेवू घालायचं होतं, दुसरं काही नको होतं. पण प्रभाताई पाणी पिऊन उठल्या आणि पंचा पुन्हा भिजवू लागल्या.

“दोन घरं फोन उचलत नाहीत. आपल्या सेक्टर चारमधली. तू थांब पोरीजवळ, बाटल्या माझ्या आहेत.”

“आई, जा तू,” वैभवी म्हणाली. “मावशी अशा अवतारात एकट्या कशा जातील?”

गेले. पहिल्या घरी भिंतीआडून, हात लांब करून, प्रभाताईंनी चाप सोडला. तो आवाज, तो फेस, आणि ते गृहस्थ मोबाइलवर शूटिंग करत होते. दुसरं घर एका बंगाली बाईंचं. त्या नुकत्याच बदलून आल्या आहेत, मांडीवर सहा महिन्यांचं बाळ. बाटली पाळण्याच्या वरच्या फळीवर होती, शोभेला ठेवलेली. प्रभाताईंनी ती पाहिली आणि क्षणभर दाराची चौकट धरली. मग बाईंना बाळासकट बाहेर काढलं, बाटली न्हाणीघरात नेली, उघडली, ओतली.

दाराबाहेर येऊन प्रभाताई बाईंसमोर उभ्या राहिल्या. तीस वर्षांत मी, किंवा मुरलीधररावांनी, त्यांच्या तोंडून हे वाक्य ऐकलेलं नव्हतं.

“गलती मेरी है. मुझे समझना चाहिए था.”

बाई उघड्या दारातून पाळण्यावरच्या रिकाम्या फळीकडे बघत राहिल्या, बाळाला जरा घट्ट धरलं. मग त्या आत गेल्या आणि प्रभाताईंसाठी साबण आणि कोरडा टॉवेल घेऊन आल्या.