विठाबाईच्या खव्याची परीक्षा

येरमाळ्याहून आत वळलं की तिसऱ्या गावात विठाबाईची खव्याची भट्टी. एक्केचाळीस वर्षं झाली, दूध आटवायचं काम ती दुसऱ्या कुणाच्या हाती देत नाही. नवरा बब्रुवान भट्टीत लाकडं सारतो. उलथण्याला मात्र त्यानंही हात लावायचा नाही. दुधाचं कॅन आलं की विठाबाई झाकण उघडून आधी वास घेणार. पसंत पडलं नाही तर सख्ख्या जावेचं दूधसुद्धा परत! बाई बोलायला अशी फटकळ की तेरखेड्याचा फटाका परवडला. तो निदान वात पेटवल्याशिवाय वाजत नाही. पण खव्याचं नाव निघालं की सगळी एकच गोष्ट सांगतात, विठाबाईचा खवा डोळे झाकून घ्यावा.

हे ऐकूनच शिवांजली आली. कळंबकडची पोरगी, अन्नशास्त्र शिकणारी. गावोगावच्या भट्ट्यांवरचा खवा तपासायचा, त्यात भेसळ आहे का, स्निग्धांश किती, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तो किती खाल्लेला बरा, असा तिचा अभ्यास चालला होता. अस्सल खव्याचा नमुना म्हणून तिला विठाबाईचाच खवा हवा होता. विठाबाई मनातून हरखली, पण तसं दाखवेल तर ती विठाबाई कसली!

"नमुना मागनं. आधी जेव. सोताच्या पोटात काय न्हाय आन् लोकांच्या खाण्याचा अभ्यास करतीस व्हय?" असं म्हणून ती भाकऱ्या थापायलाच बसली.

"मावशी, साडेअकराची बस आहे हो. तेवढा खवा द्या, एक तपासणी इथंच करून घेते."

"लई घाई बाय तुझी." विठाबाई काटवटीवरून उठली, हातावर हात झटकले, ताज्या गोळ्याचा तुकडा तोडून पोरीच्या वाटीत टाकला आणि परत चुलीपुढं बसली.

शिवांजलीनं तो काचेच्या नळीत पाणी घालून उकळला, गार केला. दूध घालायला आलेल्या बाया भोवती जमल्या होत्या. "आता आयोडीनचा थेंब टाकायचा," तिनं त्यांना सांगितलं. "पिवळसर राहिलं तर खवा चोख. निळं झालं तर पीठ मिसळलंय."

थेंब पडला. नळी निळी झाली.

एकीनं तोंडाला पदर लावला.

"पुन्यांदा बघ!" विठाबाई कडाडली. "येडाई देवीची आण, चिमूटभर पीठ घातलं आसंल तर हात झडंल माझा! तुझं औषधच नासलं आसंल."

शिवांजली गोरीमोरी झाली. हळूच म्हणाली, "राहू द्या मावशी. मी हे लिहीतच नाही."

हे मात्र विठाबाईच्या काळजाला लागलं. पोरगी भांडली असती तरी चाललं असतं. ही तर झाकून टाकायला निघाली. म्हणजे चोर ठरवलंच की! एक्केचाळीस वर्षांचं नाव एका थेंबात गेलं. तिचे डोळे भरून आले.

"अगं, भाकर करपली!" बब्रुवान ओरडला.

ती चुलीकडं धावली. भाकर उलटायला हात पुढं केला आणि तसाच थबकला. नखं पांढरी, बांगड्यांत पीठ अडकलेलं.

"अगं बया बया! भाकरीचा हात!"

काटवटीतल्या पिठाची गोळी घेऊन ती शिवांजलीपुढं आली. "टाक हितं थेंब." गोळी काळीनिळी झाली. बाया खदखदून हसल्या. शिवांजलीनं कपाळावर हात मारला, "माझंच लक्ष नव्हतं!"

विठाबाईनं कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, दोनदा. तरी तिचा स्वतःच्या हातावर भरवसा नव्हता. "तूच घे, तुझ्या चमच्यानं, गोळ्याच्या मधनं." नळी गार होईस्तोवर ती येडाईचं नाव घेत उभी राहिली. थेंब पडला. पिवळाच राहिला. बब्रुवाननं हातातलं लाकूड खाली टाकून टाळी वाजवली.

शिवांजली हसत वहीतलं पहिल्या तपासणीसाठी आखून ठेवलेलं पान फाडायला निघाली, तसा विठाबाईनं तिचा हात धरला.

"फाडू नगं. तेबी लिव्ह."

"अहो मावशी, ते निळं..."

"व्हय, निळं. भाकरीच्या हातानं खवा दिला म्हून निळं झालं, आसं लिव्ह. आन् कुनाचा हात ते नाव घाल. खवा चांगला झाला की नाव विठाबाईचं, मग चुकला हात काय शेजारणीचा?"

शिवांजलीनं पूर्ण नाव लिहिलं. तेवढ्यात बस गेली. जेवायला वाढायच्या आधी विठाबाईनं हात परत धुतले, तसा बब्रुवान म्हणाला, "आता कशाला? भाकरीला खवा लागंल म्हून व्हय?"

"लागू द्या," विठाबाई म्हणाली आणि ताटातल्या भाकरीवर खव्याचा हा एवढा गोळा ठेवला. "खा गं. किती खावा ते उद्यापासनं शिकव."