मोजूनच केलेली खीर

“ज्याले यायाचं आहे तो येते,” असं म्हणून सिस्टर पदर खोचायच्या. म्हणजे विषय संपला. असा पदर खोचणारी बाई तुमच्याही ओळखीत असेल.

गडचिरोलीत आम्ही एकाच इमारतीत भाड्यानं राहायचो. सिस्टर दवाखान्यात नर्स. आमच्या समोरच्या खोल्यांत एकट्याच. आल्या त्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीला त्यांनी सगळ्या इमारतीला जेवायला बोलावलं. खीर, पुरी, वांग्याची भाजी. मोठी पातेली आमच्याकडून नेली. जेवायला गेलो आम्ही नवरा-बायको आणि त्यांच्या वॉर्डातल्या दोघी. बाकी कुणाचा उपास निघाला, कुणाचं पोट दुखलं. जात कुणी तोंडानं काढली नाही. कळायचं ते कळलं. बीपी बघायला मात्र याच लोकांना सिस्टर हव्या असत.

पुढच्या वर्षी माझी बायको म्हणाली, “सिस्टर, यंदा राहू द्या. कशाला जिवाला त्रास?”

“काऊन राहू देऊ? सण माहा आहे. यंदा बारकी पार्टी करतो. जेवढे येतात तेवढ्यांचीच खीर. पण घरात नाई बसाचं.”

खुर्च्या त्यांनी थेट जिन्यासमोरच्या गॅलरीत मांडल्या. आम्ही पुऱ्या लाटल्या, त्यांनी तळल्या. वेलदोड्याचा वास गच्चीपर्यंत गेला. जिना चढणारा प्रत्येक जण आमच्या गुडघ्यांना वळसा घालून जाई आणि सिस्टर हसून विचारत, “उपास का जी?”

तेवढ्यात वरून घरमालकीण आजी उतरल्या. गेल्या वर्षी पोट दुखलं होतं ते यांचंच. कठडा धरून उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “उरली का खीर?”

“उरली नाई माय. मोजूनच केली.”

सिस्टरनी आपली अर्धी खाल्लेली वाटी पुढं धरली.

“माह्यातली चालते का?”

आजींनी वाटी घेतली आणि त्यातल्याच चमच्यानं, उभ्या उभ्या, तळ दिसेपर्यंत खाल्ली. आत पुरी करपत होती, सिस्टर तिकडे धावल्या.

त्यांची बदली भामरागडला झाली, तेव्हा इमारतीतल्या लोकांनी निरोपाचा कार्यक्रम ठरवला.

“निरोप कायले?” त्या म्हणाल्या. “तिथं या. माह्या घरी जेवा.”

आणि शेगडी मांडीवर घेऊन टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसल्या. आम्ही सगळे फाटकापाशी उभे होतो. टेम्पो वळला, तरी त्यांनी मागं पाहिलं नाही.