न दुखलेला गुडघा

माझा गुडघा कधीच दुखावला नव्हता. एकवीस वर्षांचा असताना मी मोठ्या भावाला सांगितलं की तो दुखावलाय, आणि पुढची अठ्ठावीस वर्षं ते तसंच राहू दिलं. ही माझी चूक. ती का केली हे मला नीट सांगता आलं असतं तर लिहायला एवढा वेळ लागला नसता.

आमचं गाव रामाकोन्याजवळ. वडील लवकर गेले तेव्हा दादाने शाळा सोडून कापूस आणि संत्र्याचा बगीचा सांभाळला आणि मला सौसरला कॉलेजात घातलं. तिथे मी पळायला लागलो, पाच हजार आणि दहा हजार मीटर. दादाला पळण्यातलं काही कळत नव्हतं. तरी त्याने एक घड्याळ घेतलं आणि सकाळी सायकल काढून माझ्यासोबत निघू लागला. शेतातल्या वाटेवर त्याने दर किलोमीटरला एक दगड रोवला होता. पुढच्या दगडापाशी जाऊन उभा राहायचा आणि मी पोचलो की घड्याळात बघून लागलेल्या वेळेचा नुसता आकडा सांगायचा. "तीन पन्नास." पुढच्या दगडाला, "तीन पंचावन्न." शाबासकी नाही, रागावणं नाही. पुन्हा सायकलवर टांग टाकून पुढे.

विद्यापीठाच्या संघाची निवड व्हायची होती त्या आठवड्यात पाऊस पडून गेला. शेतातल्या वाटेवर चिखल झाला, म्हणून दादाने चार दिवस मला डांबरी रस्त्यावर पळवलं. निवडीच्या सकाळी मी बाजेवर बसून राहिलो आणि म्हणालो, गुडघा धरलाय, पाय टेकवत नाही. भीती होती का? थोडी असेल. कंटाळा? तोही असेल. एवढंच आठवतं की त्या दिवशी मला कुणी आकडा सांगायला नको होता. उद्या खरं सांगू, असं मनात होतं. पण दादाने माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, गुडघ्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "डांबरावर पळवलं ना मी तुले. माझंच चुकलं."

दुसऱ्या दिवशीही मी खरं सांगितलं नाही. मी पुन्हा पळालो नाही, आणि दादालाही गुडघ्याचं कारण पुरलं.

पुढे मला पांढुर्ण्यात शाळेत गणित शिकवायची नोकरी लागली, लग्न झालं. माझा गुडघा मात्र सगळ्या नातेवाइकांत पसरला. लग्नाच्या पंगतीत सगळे खाली बसायचे आणि माझ्यासाठी कुठून तरी खुर्ची यायची. दर दिवाळीला दादा निरगुडीचा पाला टाकून कढवलेलं तिळाचं तेल बाटलीत भरून पाठवायचा. मी ते लावायचोही. काही वर्षांनी जिना चढताना गुडघा खरंच दुखू लागला, फक्त कधी डावा, कधी उजवा. मूळचा कोणता ठरला होता ते मी विसरलो होतो, आणि विचारणार कुणाला?

इथवर असतं तर कदाचित मी ते असंच पुढे नेलं असतं. पण दादाची मुलगी चौदा वर्षांची असताना तालुक्याच्या शर्यतीत पहिली आली. शाळेतल्या बाई घरी आल्या, म्हणाल्या, पोरीला जिल्ह्याला पाठवा, हिचा दम मोठा आहे. दादाने हात जोडून नाही म्हटलं. "एका भावाचा पाय खाल्ला मी. पोरीचा नाही खाणार." मी तेव्हा तिथेच होतो, खुर्चीवर. ती माझ्याकडे बघत होती, काका काही तरी बोलतील म्हणून. मी चहाचा कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला. त्या वेळी बोलायला एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्याजवळ होतं.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलं आणि चालायला लावलं. मी सकाळी तिगावच्या रस्त्याने जाऊ लागलो. एके दिवशी मागून कुत्रं आलं म्हणून चार पावलं पळालो. कुत्रं थांबलं, मी थांबलो नाही. पुलापर्यंत गेलो आणि कठड्याला धरून वाकलो. श्वास छातीत मावत नव्हता. मोठा आनंद झाला, आणि लगेच चोरी करताना सापडल्यासारखं वाटलं.

मग मी विजेचे दोन खांब पळायचं आणि एक खांब चालायचं असं सुरू केलं. पहिले पंधरा दिवस पोटऱ्या गच्च व्हायच्या, वर्गात फळ्याकडे वळताना टेबल धरावं लागायचं. गुडघे मात्र दोन्ही ठणठणीत. महिन्याभरात तीन किलोमीटर झाले, पावसाळा संपताना आठ. फोनमध्ये एक बाई दर किलोमीटरला वेळ सांगायची. तिला मी बंद करून टाकलं. तरी दगड आला की माझे कान उभे राहायचे. मी हे कुणासाठी करत होतो मला समजत नव्हतं. साखर उतरली होती, तेव्हा डॉक्टरांसाठी नक्कीच नाही.

बायकोने नवे बूट पाहिले, घामाने भिजलेली बनियन पाहिली आणि विचारलं, "तुमचा गुडघा कोणत्या खुंटीले टांगून आले आज?"

"बरा वाटून राहिला हल्ली."

"हो का? मंग सिलेंडर खालून वर आणून द्या. लग्न झाल्यापासून मीच आणून राहिली."

मी सिलेंडर आणून दिलं. ती हसली, मला हसता आलं नाही.

दादाला कळू नये म्हणून मी सौसरच्या बाजूला कधी पळालो नाही. पण संत्र्याचे व्यापारी दोन्हीकडे फिरतात. त्यातल्या एकाने मला पाहिलं, आणि दुपारी दादाचा फोन आला.

"काय बे, पळून राहिला म्हणे तू?"

"हळूहळू, दादा."

"तेलानं गुण आला म्हणजे. मी म्हणत नव्हतो का?" त्याचा आवाज इतका हलका मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "पण डांबरावर नोको पळू. पुढच्या रविवारी इकडं ये. मी करतो बंदोबस्त."

रविवारी पहिल्या बसने गेलो. दादा आता साठीला आलाय. मोटारसायकल घेऊन फाट्यावर उभा होता. तो मला बगीच्यामागच्या पांदणीवर घेऊन गेला, शेतांमधल्या बैलगाडीच्या वाटेवर. ती वाट मला पाठ आहे, दगडगोट्यांनी भरलेली. त्या दिवशी तिच्यावर एक दगड नव्हता. चाकोरीत माती टाकून दाबली होती आणि कडेला गोट्यांची लांबच लांब रांग होती.

"आठ दिवस लागले," दादा म्हणाला. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यावाल्यांवर फेकाले सावरगाववाल्यांनी हे गोटे नेले तर दोन गोटमारी निघतील. तुझी वहिनी म्हणे, म्हातारपणी येडे झाले का तुम्ही. चाल, पळ. एक किलोमीटर आहे तिकडच्या आंब्यापर्यंत. मी गाडीवर मोजलं."

त्याच्या बोटांची नखं काळी पडली होती. एका अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. मी पन्नासेक पावलं पळालो. पायांखाली माती मऊ लागत होती. मग मला पुढे जाता येईना.

तो गाडी घेऊन मागे आला. "काहून थांबला बे? दुखून राहिला का?"

"नाही दादा. तो कधीच नाही दुखला."

"आता बरा झाला म्हणून म्हणतोस."

"नाही. तेव्हाबी नाही दुखला. त्या दिवशी मी खोटं बोललो."

त्याने गाडी बंद केली. स्टँडवर लावली, हँडल सरळ केलं. "त्या सकाळी बी नाही?"

"नाही."

"मंग काहून म्हटलं तसं?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय? मास्तर आहेस ना तू." त्याने गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. "तुले पळाचंच नव्हतं तर तसं सांगाचं होतं. मी काय मारलं असतं तुले?"

"नाही मारलं असतं."

हेच तर मला अजून समजत नाही. त्याने कधी हात उगारला नव्हता. मला भ्यायचं कारण नव्हतं. मी म्हणालो, "माझं चुकलं, दादा." ते शब्द तोंडातून निघाले तेव्हा फार पोकळ वाटले, कारण तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो गावाकडे बघत होता.

"माझं जाऊ दे," तो म्हणाला. "माझं काय राहिलं आता. पोरीले मी काय सांगू?"

त्याने खिशातून फोन काढला, चष्मा नसल्यामुळे लांब धरून नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. "मी नाही सांगणार. तू सांग." आणि पाठ फिरवून तो कडेच्या गोट्यांवर बसला.

पुतणी छिंदवाड्याला असते, तीस वर्षांची आहे, तिला एक लहान मूल आहे. तिने फोन उचलला. "बाबा, एवढ्या सकाळी?"

"मी काका आहे, बेटा."

"काका? बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. इथंच बसून आहेत." मी पायाखालच्या मातीकडे बघत बोलत राहिलो. सगळं सांगितलं, बाजेपासून, तिच्या शाळेतल्या बाई आल्या त्या दिवसापर्यंत, त्या चहाच्या कपासकट. मध्ये एकदा मला वाटलं फोन कटला. पलीकडे नळ वाहत होता, तो तिने बंद केला.

"म्हणजे मी जाऊ शकली असती," ती म्हणाली. ती विचारत होती की नुसतं सांगत होती, मला कळलं नाही.

"हो, जाऊ शकली असती. तुझ्या बाबाची काहीच चूक नव्हती. मी त्याले खोटं सांगितलं, म्हणून त्यानं तुले अडवलं. आन् मी तिथं बसून होतो, मले सारं माहीत होतं, तरी बोललो नाही. मी तुझी माफी मागतो, बेटा."